राखाडी गाडीचा सांधा

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. खुशाली, आशीर्वाद, घरातल्या सगळ्यांची चौकशी हे सगळं यात आलं असं धरा, कारण माझं डोकं फिरलेलं आहे आणि गोड लिहायला बसले तर पत्र उद्यावर जाईल. परवा फोन केला होता. तुम्ही तीन वेळा "कोण?" म्हणालात आणि ठेवून दिलात. आयुष्यभर पत्रा ठोकून कान घालवलेत, आता भोगा माझं अक्षर.

काम असं आहे. एक एप्रिलपासून माझी बदली पस्तीस किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात झाली आहे. नर्सची ड्युटी सहाला सुटते आणि शेवटची बस चारला. चिऊचं नाव तिथल्याच शाळेत घातलंय, म्हणजे सहा वर्षांची पोर रोज माझ्यामागे सीटवर बसून जाणार आणि येणार. तिच्या बापाकडून गाडीचं चाकसुद्धा मिळायचं नाही, तो विषय नको. मला जुनी पण भरवशाची सेडान हवी. डिकी वेगळी पाहिजे, कारण लसींचा डबा, वजनकाटा आणि फिनाईलचा कॅन मला पोरीच्या नाकाशी ठेवायचे नाहीत.

तीन गाड्या बघून आले. मामा, माणसं इतकी घाण असतात? पहिल्या गाडीच्या अॅश-ट्रेमध्ये कापलेली नखं होती. दहाच्या दहा बोटांची असावीत, मी मोजायला थांबले नाही. दुसरीत लिंबाच्या वासाचं काहीतरी इतकं मारलं होतं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि काच खाली केल्यावर त्याच्या आड नासलेल्या दुधाचा वास निघाला. तिसरीचा मालक म्हणाला, "बाई, गाडी लेकीसारखी वापरली आहे." लेकीचं काय होत असेल त्या घरात, देव जाणे.

तुम्ही चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे सरळ करणारे डेंटर. मला सांगा, बघायचं काय?

तुमची भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच. तरी दोनदा वाचलं.

तिन्ही सोडून दे. जुन्या गाड्यांचा धंदा म्हणजे गटार आहे, आणि मी त्यात गुडघाभर उभा राहून पोट भरलंय, म्हणून सांगतो. विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस. जिथे माणसाचा हात-पाय रोज लागतो तिथे बघ. मीटर म्हणतो चाळीस हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटा. जाण्याआधी फोन करू नकोस, नाहीतर इंजिन तापवून ठेवतात. तापलेलं इंजिन कुणाचंही गोड बोलतं. बॉनेटवर हात ठेव, गार असेल तरच चावी माग.

सीटबेल्ट पुरा ओढून बाहेर काढ. धुणारे कारचा कोपरान् कोपरा धुतात, बेल्टचा आतला भाग कुणी धूत नाही. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचल, खाली पाण्याची रेघ असेल तर ती गाडी पुरात बुडलेली. आणि सगळ्यात शेवटी गालिचा उचल. वर कितीही पावडर थापली तरी गालिच्याखाली पत्रा खरं बोलतो.

गॅरेज आता पोराच्या, दादाच्या हाती आहे. मी बसलेला असतो दाराशी. कान गेले ते बरं झालं, गिऱ्हाइकांचं ऐकावं लागत नाही.

घाई करू नकोस. पोरीला बसवायची आहे.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

तुमच्यामुळे माझं जेवण सुटलंय. आणखी पाच गाड्या बघितल्या. एकीचा सीटबेल्ट तुम्ही सांगितल्यासारखा पुरा ओढला, आणि आतल्या भागावर कुणाची तरी वाळलेली उलटी चिकटलेली. गाजराचे तुकडे ओळखू येत होते. मी हॉस्पिटलमध्ये काय काय उपसलेलं आहे, पण मालक शेजारी उभा राहून "एकदम फॅमिली कार" म्हणत होता ना, तेव्हा मात्र चावी त्याच्या हातावर टाकून निघाले. दुसरीत स्टेपनीखाली चिखल, आणि चिखलात एक मेलेला बेडूक, पापडासारखा चपटा. ते दाखवल्यावर तो माणूस मलाच म्हणतो, तुम्हीच टाकलंत.

पण आता ऐका. मिळाली!

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे एक आवार आहे. तिथला विकणारा सतत हसतो आणि प्रत्येक वाक्याला स्वतःच्याच हातावर टाळी देतो, म्हणून मी त्याचं नाव टाळीवाला ठेवलंय. माणूस मला आवडला नाही, पण तुम्हीच म्हणालात ना, तोंडाकडे बघू नकोस. गाडी राखाडी, एका डॉक्टरची होती म्हणे. पेडल, बेल्ट, स्टेपनी, सगळं बघितलं. इंजिन गार होतं. वास नाही. शेवटी गालिचा उचलला. पुढच्या सीटच्या खाली पत्र्याला एक सांधा आहे, त्यावर सीलंट भरलंय, आणि मामा, ते अंगठ्याने सारखं केलंय! एकाशेजारी एक ठसे, सगळे एका मापाचे, प्रत्येक ठशात मधोमध एक बारीक आडवी रेघ.

आठवतं का? मी नऊ वर्षांची होते, तुमच्या गॅरेजमध्ये पालथ्या डब्यावर बसलेली. तुम्ही म्हणाला होतात, फॅक्टरीतला सीलंट यंत्राने ओततात, त्याला जीव नसतो. चांगला कारागीर बोटाने बसवतो, म्हणजे पाण्याचा थेंब आत जात नाही. ते ठसे बघितले आणि मला एकदम विश्वास वाटला. टाळीवाला खोटं बोलेल, पण ज्याने हे केलं त्याला कामाची चाड होती.

पंचवीस तारखेपर्यंत तो गाडी राखून ठेवणार आहे. हो म्हणा, म्हणजे मी सुटले.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरी,

ती राखाडी घेऊ नकोस.

राखाडी रंग वाईट. ओरखडा पडला तर जुळत नाही. शिवाय त्या कंपनीचे गिअर लवकर जातात. डॉक्टर लोक गाडी नीट वापरत नाहीत, घाईत असतात. दुसरी बघ. पांढरी बघ. पांढरीसुद्धा नको, निळी बघ.

तो सांधा एकाच बाजूला आहे का दोन्ही? दाराच्या खांबावर रबर सोलून बघितलंस का? जाऊ दे, बघू नकोस. तिथे परत जाऊच नकोस.

मी सांगतो म्हणून नको.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

घेतली.

राग आला तर येऊ दे. मलाही आलाय. आठ गाड्या तुमच्या सांगण्यावरून सोडल्या, त्यात उन्हात पाय तुटले, रजा संपली. आणि नववी सगळ्या परीक्षांना उतरली तर म्हणे रंग वाईट! आई म्हणायची ते खरं आहे, तुम्हाला दुसऱ्याच्या हातचं काम बघवत नाही. कुणीतरी तुमच्याइतकं सफाईदार केलं की तुमच्या पोटात दुखतं. इतका कोतेपणा बरा नाही या वयात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, सांधा दोन्ही बाजूंना आहे, आडवा, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत. दाराचं रबरही सोललं. तिथेही तसेच ठसे, वरपर्यंत. झालं समाधान?

रविवारी चिऊला घेऊन आरोग्य केंद्रापर्यंत जाऊन आले. गाडी लोण्यासारखी चालते. चिऊ मागे झोपली. सोमवारपासून तिची सवय व्हावी म्हणून रोज एक फेरी मारते आहे.

भिंगरी


१ मार्च

भिंगरी,

शेजारच्या बाईंना तुला फोन करायला लावला आहे. गाडी काढू नको एवढंच त्या सांगतील, बाकी त्यांना मी सांगितलेलं नाही. ते इथे लिहितो.

त्या दोन गाड्या आहेत. एकीला मागून ट्रकने ठोकली होती, तिचा पुढचा भाग चांगला. दुसरी समोरून भिंतीत घुसली, तिचा मागचा भाग चांगला. पुढच्या सीटच्या खाली दोन्ही कापायच्या आणि चांगला अर्धा चांगल्या अर्ध्याला जोडायचा. वर रंग मारला की जन्म देणाऱ्या आईलाही ओळखू येत नाही. सरळ रस्त्यावर चालते. जोरात ठोकर बसली की मधून उघडते. चिऊ बसते ना, त्याच्या पुढे एक वीत.

जोडली मी. तुझा टाळीवाला ट्रकवर अर्ध्या गाड्या घालून आमच्याकडे आणायचा, तयार झाल्या की दुसरीकडे नेऊन विकायचा. तू लग्न होऊन गेल्यावर पत्र्याने माझा डावा अंगठा कापला. त्यावर आडवा वण आहे. सीलंटमधली रेघ ती.

अशा सात केल्या.

का म्हणून विचारशील. अडचण होती असं लिहिणार होतो, पण अडचण नव्हती. गॅरेज बरं चाललं होतं. टाळीवाला म्हणाला, हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, आणि मला दाखवायचं होतं की मला जमतं. बस, एवढंच.

आणि वीस तारखेला हे का लिहिलं नाही, तेही विचारशील. तुझं पत्र आलं त्यात तू लिहिलं होतंस की ज्याने हे केलं त्याला कामाची चाड होती. ते वाचून मला आनंद झाला, भिंगरे. पोरीच्या सीटपुढे माझा सांधा आहे हे कळूनसुद्धा आधी आनंद झाला. मग रंग वाईट म्हणून लिहिलं, कारण तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं. एवढा नालायक माणूस आहे मी.

गाडी काढू नको.

मामा


८ मार्च

मामा,

शेजारच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी चिऊला मागच्या सीटवर बांधत होते.

पत्र आल्यावर खाली जाऊन परत गालिचा उचलला. प्रत्येक ठशावर वण आहे. मी तिथेच पार्किंगमध्ये बसून ओकले. मग वर येऊन साबणाने हात धुतले, दोन-तीनदा धुतले, तरी तुमचा अंगठा माझ्या हाताला लागल्यासारखं वाटत राहिलं. नखं, उलटी, बेडूक, ते सगळं घाण होतं, पण ते धुता येतं. तुम्ही मला डब्यावर बसवून जे शिकवलंत त्याच्याच भरवशावर मी माझी पोर त्या गाडीत बसवली. सहा दिवस बसवली. त्यातले दोन दिवस अवकाळी पाऊस होता आणि घाटाच्या वळणावर समोरून टँकर आला होता. सांगू का आणखी?

टाळीवाल्याकडे गेले. तो घाबरला नाही की चिडला नाही. हसला. टाळी दिली. म्हणाला, "बहिरा डेंटर तुमचा मामा? मग बाई, घरचाच माल आहे की, बिनधास्त चालवा!" मी ओरडायला लागल्यावर आवाज खाली आला. पंधरा तारखेच्या आत गाडी परत आणली आणि कुठे वाच्यता केली नाही तर सगळे पैसे परत देतो म्हणतो.

पैसे मला हवे आहेत. दुसरी गाडी घ्यायची तर तेवढेच आहेत माझ्याकडे. पण मी परत दिली की तो गालिचा झटकणार आणि पुढच्याला विकणार. मागच्या सीटवर कुणीतरी बसणारच ना?

उरलेल्या सहा कुठे आहेत? दादाला माहीत होतं का? वाहन नोंदणी कार्यालयात जाऊन हे सगळं लिहून द्या. जोपर्यंत देत नाही तोपर्यंत मला मामा नाही.

(सही करत नाही.)


१२ मार्च

भिंगरी,

गेलो होतो. इथल्या कार्यालयात तीन खिडक्या फिरलो. कारकून काय बोलतो ते ऐकू येईना, म्हणून त्याला कागदावर लिहायला लावलं. त्याने लिहिलं, "आजोबा, पुरावा काय? एखादी गाडी आणा, नुसत्या सांगण्यावर काही होत नाही." आणि माझा जबाब परत दिला. मागे उभी असलेली माणसं हसत होती, ते मात्र ऐकू न येताही कळतं.

दादाला माहीत नव्हतं. मी ही कामं सुट्टीच्या दिवशी शटर ओढून करायचो. परवा त्याला सांगितलं. त्याने शिडी लावली आणि गॅरेजवरची माझ्या नावाची पाटी काढली. तेव्हापासून बोलत नाही. सूनबाई ताट ठेवते आणि जाते.

सहापैकी चार कुठे आहेत मला माहीत नाही. रंग आठवतात. एक पांढरी इथेच कुठेतरी फिरते, मागच्या वर्षी बाजारात ओझरती दिसली होती. आणि एक लाल होती. ती दोन वर्षांपूर्वी भंगाराच्या दुकानात बघितली. मधून उघडलेली होती, माझ्या सांध्यावर. मागच्या सीटवर बाईची एक चप्पल अडकलेली. भंगारवाल्याला मी काही विचारलं नाही. त्याच्याकडून बंपर घ्यायला गेलो होतो, तो घेतला आणि घरी आलो. जेवलोसुद्धा.

तू गाडी परत दे आणि पैसे घे. तुझी नोकरी आहे, पोर आहे. पुराव्याचं मी बघतो, ती पांढरी शोधतो. माझ्या पापासाठी तू नागवली जाऊ नकोस.

मामा


१७ मार्च

मामा,

पंधरा तारीख गेली. गाडी परत दिली नाही.

चप्पल वाचल्यावर देता येईना. रात्रंदिवस तीच डोळ्यांसमोर, आणि तुम्ही बंपर घेऊन घरी आलात ते. मला तुमचा इतका तिटकारा आलाय की हे लिहितानासुद्धा दात आवळलेत. पण तुम्ही खिडक्या फिरलात, तेवढं मी मानते. तेवढंच.

टेम्पोवर चढवून गाडी इथल्या नोंदणी कार्यालयात नेऊन ठेवली. इथले साहेब निदान ऐकून घेणारे आहेत. पावती दिली, आवाराच्या टोकाला गाडी उभी केली, आणि म्हणाले, सांधा उघडून दाखवल्याशिवाय केस उभी राहत नाही. त्यांचा माणूस ग्राइंडर घेऊन आला आणि छपरापासूनच कापायला निघाला. मी थांबवलं. तो कुठेही कापून वाटोळं करील आणि टाळीवाला म्हणेल, कापतानाच तुटली.

तुम्ही या. सोमवारी अकराला. मी तिथे असेन, पण बोलेन असं समजू नका. घरी यायचं नाही.

दुसऱ्या गाडीचा प्रश्न मिटलाय, म्हणजे घ्यायचीच नाही. आरोग्य केंद्रापासून दहा मिनिटांवर एक खोली मिळाली आहे. भिंतीला ओल आहे आणि मोरीतून वास येतो. मी आणि चिऊ चालत जाऊ.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी,

तू सोमवारी बोलली नाहीस, ते बरोबर केलंस. म्हणून हे लिहितोय. उत्तर देऊ नकोस.

गाडी उघडायला वीस मिनिटं लागली. जोडायला आठ दिवस लागले होते. दाराखालची पोकळी कापली तेव्हा तांबडं कुजकं पाणी आलं आणि सगळे नाक धरून मागे झाले. त्याच्या मागोमाग चिंधी बाहेर आली. तू विचारलं नाहीस, पण बघितलंस. माझा बनियन होता तो. भोक मोठं राहिलं होतं, तेव्हा अंगातला काढून आत कोंबला आणि वरून पत्रा मारला. घामासकट.

मग गाडी दोन तुकडे होऊन बसली. साहेबांनी वाकून सांध्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. पण ओठांवरून कळलं. म्हणाले, काय हात आहे!

आणि मला बरं वाटलं. तिथे, त्या घाणीत उभा असताना. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण तू त्याच वेळी माझ्याकडे बघत होतीस आणि मग तोंड फिरवलंस. माझ्यात जे काही सडलंय ते तू त्या एका क्षणात बघितलंस. लोक म्हणतील मी लोभापायी केलं, भीतीपायी लपवलं. तसं असतं तर बरं झालं असतं. मला अजूनही कुणीतरी वाहवा म्हणायला हवं आहे, भिंगरे, चिऊच्या सीटपुढच्या सांध्याबद्दलसुद्धा. या वयात हे कुठे धुऊ?

टाळीवाल्याच्या आवाराला कुलूप लागलंय, तो पळालाय. माझ्यावर केस होणार आहे. वकील करू नकोस असं मी दादाला सांगितलं. त्याने मान डोलावली. एवढंच आमचं बोलणं झालं.

तुमच्या साहेबांनी इथे पत्र पाठवल्यावर त्याच कारकुनाने मला खुर्ची दिली. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या माणसाबरोबर बाजाराच्या नाक्यावर उभा राहतो. काल पांढरी दिसली. मी हात करून थांबवली. एक तरुण मास्तर चालवत होता, बायको शेजारी. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली आणि बाळ त्यात झोपलेलं. मी गालिचा उचलून दाखवला. मास्तर हात जोडून माझे आभार मानायला लागला. बरोबरचा माणूस त्याला सांगायला गेला, मी कोण ते, पण मी त्याला थांबवलं. ते मी स्वतः सांगितलं. बाईने बाळाला उचललं आणि माझ्या अंगावर थुंकली.

ते तिघं चालत घरी गेले.

चार राहिल्या. उद्या सकाळी परत नाक्यावर जातो.

मामा